सत्कारमूर्तीच खुर्च्या मांडतात: ग्वाल्हेरच्या एका मराठी मंडळाचं प्रकरण

जून २०२४मध्ये ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी मंडळाची वार्षिक सभा झाली. विषयपत्रिका नेहमीप्रमाणे अर्ध्या तासात आटोपली आणि ‘आयत्या वेळचे विषय’ आले, तसे सचिव उभे राहिले आणि म्हणाले, ऑगस्टपासून सहा महिने मी नाही. मुलगा-सून अमेरिकेत, सुनेचे दिवस ऑक्टोबरात भरणार, तेव्हा त्यांना आणि पत्नीला, दोघांना जायचं होतं. सचिवांचं वय ७७. मंडळात त्यांना सगळे नाना म्हणतात. त्यांच्या आधी सचिव कोण होतं, हे सभेत चटकन कोणाला आठवेना. गणपती ७ सप्टेंबरला बसायचे होते.

सभेला तीसएक माणसं होती. त्यांत साठीच्या आतले दोघं, आणि त्यातला एक नानांना स्कूटरवरून सोडायला आलेला शेजारी.

म्हातारपणाबद्दल आपल्याकडे दोन तक्रारी ठरलेल्या असतात. म्हाताऱ्यांना आता कोणी विचारत नाही, ही एक. म्हातारे खुर्ची सोडत नाहीत, ही दुसरी. या मंडळात दोन्ही ऐकू आल्या, कधीकधी एकाच माणसाच्या तोंडून. प्रकरण जवळून पाहिलं तर दोन्ही अपुऱ्या पडतात. इथल्या ज्येष्ठांकडे अधिकार फारसा उरलेला नव्हता, काम मात्र सगळं त्यांच्याच अंगावर होतं. सोडायला ते तयार होते, घ्यायला कोणी नव्हतं.

मागे राहिलेलं लष्कर

दौलतराव शिंद्यांनी १८१०च्या सुमारास उज्जैनहून येऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला. त्या छावणीचं पुढे शहर झालं, तेच लष्कर. चिटणीसांची गोठ, बालाबाईचा बाजार, पाटणकर बाजार ही नावं आजही रिक्षावाल्याला सांगता येतात. संस्थान होतं तोवर मराठी माणसाला दरबारात, फौजेत, शाळेत, गाण्यात पोट भरायला जागा होती. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झालं, १९५६ साली मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. तरी आणखी एक पिढी सरकारी कचेऱ्या, बँका, रेल्वे आणि बिर्लांची जियाजीराव कापड गिरणी यांवर तगली. मग गिरणी बंद पडली आणि नव्या नोकऱ्या निघाल्या त्या पुण्यात, बंगळुरूत. झेलम आणि गोवा एक्स्प्रेस या दोन गाड्यांनी इथली एक अख्खी पिढी पुण्याला नेऊन सोडली, म्हटलं तरी चालेल. मागे राहिले ते आईवडील, आणि त्यांच्या हाती एक सभागृह, दोन कपाटं पुस्तकं, भाड्याने द्यायची भांडी आणि गणपती.

अण्णांच्या लहानपणीचे म्हातारे

मंडळाचे अध्यक्ष अण्णा ८४ वर्षांचे. त्यांच्या लहानपणीच्या, म्हणजे १९५०च्या आसपासच्या गणपतीत ‘म्हातारी मंडळी’ कोण होती, असं विचारलं, तेव्हा त्यांनी नावं घेतली आणि बोटांवर हिशेब केला. निघालं असं की ती माणसं तेव्हा पंचावन्न-साठीची होती. आजच्या कार्यकारिणीत ती तरुण गटात बसली असती.

ती मंडळी काय करत? ओट्यावर बसत. कीर्तनकार कोण आणायचा, कोणाला मुख्य आरतीचा मान द्यायचा, कोणत्या घरची मुलगी कोणत्या घरात शोभेल, दोन भावांच्या वाटणीत विहीर कोणाकडे जावी, हे तिथे ठरे. त्यांनी कधी बांबू उचलला नाही, पाण्याची घागर भरली नाही. ते काम विशीतल्या पोरांचं. जेवणाच्या पहिल्या पंगतीत म्हातारे बसत आणि पोरं वाढत. अण्णा स्वतः मठ्ठा वाढायला असत.

या चित्रात थोडा गोडवा अण्णांच्या आठवणीने घातलेला असणार. ओट्यावर बसायला मिळे ते पुरुषांना, आणि तेही चार पैसे राखून असलेल्यांना. त्याच घरांतल्या सोवळ्या आज्या माजघराच्या मागे भाज्या चिरत होत्या. त्यांना पंगतही नव्हती आणि ओटाही. पण एवढं खरं की म्हातारपणाला एक ठरलेली जागा होती आणि तिथे पोचल्यावर अंगमेहनत सुटत असे.

त्या काळी भारतातलं जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ माणसं बत्तिशीत मरत असा नव्हे, बालमृत्यूंनी तो आकडा खाली ओढलेला होता. तरीही साठ वर्षं पुरी होणं ही घटना होती, म्हणून तर षष्ट्यब्दीची शांत करत. आज सरासरी आयुर्मान सत्तरीच्या घरात आहे आणि जो साठीला पोचला त्याच्यापुढे सरासरी १८ वर्षं असतात. साठीची शांत आता मंडळात क्वचितच कोणी करतं. सरकारलाही ‘म्हातारा कोण’ याचा एकच आकडा सापडत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७च्या कायद्यात वय ६०. मध्य प्रदेश सरकारने मात्र २०१८ साली आपल्या कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय ६०वरून ६२वर नेलं. आयुष्मान योजनेत उत्पन्न न पाहता उपचारांची हमी मिळते ती ७०पासून. मंडळापुरतं विचाराल तर खरा म्हातारा म्हणजे सहस्रचंद्रदर्शन झालेला, म्हणजे ऐंशी उलटून दहा महिने गेलेला. त्याच्या आतले सगळे कामाला.

१ ऑक्टोबरचा सत्कार

हा पेच जूनच्या सभेत उघडा पडला, पण तो त्याच्या आधीच दिसायला हवा होता. १ ऑक्टोबर २०२३ला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाला, मंडळाने पंचाहत्तरी पूर्ण केलेल्या सभासदांचा सत्कार ठेवला. सत्कारमूर्ती सहा. त्यांत नाना.

सकाळी सभागृह उघडलं नानांनी. खुर्च्या मांडल्या त्यांनी आणि दुसऱ्या एका सत्कारमूर्तींनी. शाली आणायला सराफा बाजाराकडे आदल्या दिवशी नानाच गेले होते, म्हणजे स्वतःची शाल स्वतःच घासाघीस करून घेतली. मानपत्रांचा मजकूर लिहायला तिसऱ्या सत्कारमूर्ती, निवृत्त शिक्षिका. त्यांनी स्वतःबद्दलच्या ओळी तेवढ्या कमी लिहिल्या. ‘ज्येष्ठ हे आमचे आधारवड’ असं भाषण झालं ते ५१ वर्षांच्या युवा प्रतिनिधींचं. (मंडळाच्या घटनेत युवा प्रतिनिधी असावा असं आहे, वय किती ते लिहिलेलं नाही. या गृहस्थांना मधुमेह आहे आणि दोन चष्मे आहेत.) कार्यक्रम संपल्यावर नारळ पिशवीत टाकून नानांनी खुर्च्या परत रचल्या.

यात कोणाचा दुष्टावा नव्हता. सत्कार करणाऱ्यांना मनापासून आदर होता. पण आदर दाखवण्याचा जो विधी आपण उचलला आहे, शाल-श्रीफळ-मानपत्र, त्यात समोरच्याच्या अंगावरचं ओझं एक तोळाही उतरत नाही. उलट ज्याला शाल दिली त्याने पुढल्या वर्षीही चावी सांभाळावी, अशी अपेक्षा पक्की होते. नानांची पुण्यातली मुलगी ते फोटो पाहून फोनवर म्हणाली, “बाबा, हा निरोपसमारंभ होता की नेमणूक?”

नानांचं काम म्हणजे काय

जूनच्या सभेनंतर कार्यकारिणीने नानांना त्यांचं काम लिहून द्यायला सांगितलं. ते म्हणाले, लिहिण्यासारखं काही नाही, थोडंच असतं. शेवटी खजिनदार काकूंनी (वय ७१, आधी उल्लेख आलेल्या शिक्षिकांची धाकटी जाऊ) रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बसून ते काढून घेतलं. वहीची पानंच्या पानं भरली.

सभागृहाचं बुकिंग, विजेचं बिल, पाण्याची टाकी. सोसायटी नोंदणी कायद्याखाली दरवर्षी रजिस्ट्रारकडे द्यायची पदाधिकाऱ्यांची यादी आणि तपासलेला हिशेब. लग्नामुंजीला भाड्याने जाणारी पातेली, पराती, झारे, तांब्याची घंगाळं, आणि परत येताना त्यांची मोजणी. कोणत्या घराकडून एक वाटी नेहमी कमी येते हेही. कोणी गेलं की फोन करायची यादी, त्यातही कोणाला मध्यरात्री करायचा आणि कोणाला सकाळपर्यंत थांबायचं ते. अमक्या गुरुजींना गुडघ्यांमुळे जमिनीवर बसता येत नाही, म्हणून चौरंग कोणता मागवायचा ते.

आणि एक काम जे कोणत्याही पदाच्या यादीत आलं नसतं. लग्नसराईत पुण्याहून, हैदराबादहून, कधी सिंगापूरहून फोन येत: काका, आमचं कुलदैवत नक्की कोणतं? देवक काय असतं आमच्याकडे? बाबा गेले, आईला आठवत नाही. नाना सांगत. त्यांना दीडदोनशे घरांचं माहीत होतं, काहींचं त्या घरांनाही नव्हतं तेवढं. लग्न कोणाशी करावं हे आता नानांना कोणीच विचारत नाही, ते मोबाईलवर ठरतं. ठरलेल्या लग्नात देवक काय ठेवायचं एवढं विचारतात. ओट्यावरच्या म्हाताऱ्याचा निवाडा गेला आणि माहितीखिडकी उरली. नानांना याचं वाईट वाटतं का? विचारलं तर हसून म्हणाले, “फोन तर येऊन राहिले ना!”

सभेत जे पर्याय आले

पहिला पर्याय युवा प्रतिनिधींचा: कार्यकारिणीसाठी ७५ ही कमाल वयोमर्यादा. तत्त्व म्हणून बरोबर. हिशेब केला तेव्हा अकरापैकी सात जण घरी जात होते, आणि उरलेल्या चौघांत एक स्वतः सुचवणारे. त्यांचं औषधाचं दुकान आहे, सकाळी नऊ ते रात्री दहा. प्रस्ताव त्यांनीच मागे घेतला, जरा घाईने.

दुसरा पर्याय, शहरातल्या दुसऱ्या मराठी संस्थेत विलीन व्हायचं. चौकशीत कळलं की त्या संस्थेचे सचिव ८१ वर्षांचे आहेत आणि त्यांनाही हाच प्रश्न पडला आहे. यावर सभेत बराच वेळ हशा चालला.

गणपती दीड दिवसाचा करावा, हा तिसरा. अण्णा बिथरले ते इथे. एरवी ते फार बोलत नाहीत. “दहा दिवस तुमच्याने होत नसतील तर तसं सांगा, बाप्पाला दीड दिवसाचं कारण देऊ नका,” म्हणाले. पाच दिवसांवर तडजोड झाली.

नातवंडांच्या पिढीला घ्यावं, असंही आलं. शहरात राहिलेल्या घरांतली पाच-सहा मुलं-मुली कॉलेजात आहेत. ती यायला तयार होती. अडचण भाषेची निघाली. मराठी बोलतात, पण इतिवृत्त लिहायचं तर हिंदीतच लिहिणार. यावर जी चर्चा झाली ती वयाच्या प्रश्नापेक्षा जास्त तापली. एका ज्येष्ठांनी राजीनाम्याची भाषा केली. ठरलं ते असं: इतिवृत्त मराठीत, सूचना दोन्ही भाषांत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ज्याला जे येईल ते.

प्रत्यक्षात काय झालं

नानांचं पद चार जणांत वाटलं गेलं. काकूंनी वही काढलीच नसती तर हे जमलं नसतं. जोवर काम एका माणसाच्या डोक्यात होतं, तोवर ते घ्यायला कोणी पुढे येणं शक्यच नव्हतं. किती आहे हेच दिसत नव्हतं. तरुण येत नाहीत ही तक्रार करण्याआधी आपण त्यांच्यापुढे ठेवतो काय, हे मंडळांनी बघावं. वीस वर्षांच्या मुलीला ‘सचिव हो’ म्हटलं तर ती पळते. ‘गुरुवारी सात ते आठ बुकिंगचे फोन घे’ म्हटलं तर घेते. घेतलेसुद्धा.

काकू सचिव झाल्या. मंडळाच्या इतिहासात पहिल्या बाई, हे नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं. काकू विधवा आहेत. गणपती आणताना दारात औक्षण करायला दरवर्षी सवाष्ण लागे. २०२४ला त्या सकाळी जमलेल्या बायकांत सवाष्णी दोनच, एकीला पायऱ्या चढवत नव्हत्या, दुसरी स्वयंपाकात. काकूंनी तबक उचललं आणि ओवाळलं. कोणी काही बोललं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवर लादलेल्या प्रथा बंद करण्याचा ठराव २०२२ साली केला, तेव्हा इथल्या भजनी मंडळात त्यावर चर्चा झाली होती, म्हणतात. पण ठराव इथे झालाच नाही. साठीपुढच्या बायकांत नवरा गेलेल्या इतक्या झाल्या की जुना नियम पाळायला माणसंच पुरेनात. संक्रांतीचं हळदीकुंकूही पुढे ‘तिळगूळ’ या नावाने सगळ्यांना खुलं झालं.

ओझी उचलायला गल्लीतला एक तरुण महिन्याच्या पगारावर ठेवला. तो मराठी नाही, ‘आरती सुखकर्ता’ मात्र पाठ आहे. सतरंज्या, खुर्च्या, भांडी त्याच्याकडे. पण आठवड्याभरात त्याचं खरं काम वेगळंच ठरलं. ७०पुढच्यांसाठी आयुष्मान कार्डाची नोंदणी ऑक्टोबर २०२४अखेर सुरू झाली, तेव्हा त्याने सभागृहात बसून सगळ्यांची मोबाईलवर केली. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचंही तेच. केंद्राच्या पेन्शनवाल्यांत ऐंशीच्या वरच्यांना तो ऑक्टोबरपासून देता येतो, बाकीच्यांना नोव्हेंबरात. दरवर्षी बँकेत रांग असे. त्या वर्षी हा पोरगा एकेकाचा चेहरा मोबाईलसमोर धरायला लावत होता. त्याच्या बदल्यात दोन निवृत्त मास्तर त्याच्या बहिणीला दहावीचं गणित शिकवू लागले. असं काही योजलेलं नव्हतं.

कीर्तनाचं मात्र बिनसलं. पुण्याचे एक वयस्क कीर्तनकार सपत्नीक यायचे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली. त्याआधी साठीपुढच्या पुरुषांना भाड्यात ४० टक्के आणि ५८च्या पुढच्या बायकांना ५० टक्के सूट होती. दोघांचं पूर्ण भाडं, तेही वातानुकूलित डब्याचं, पाच दिवसांच्या उत्सवाच्या वर्गणीत बसेना. एका संध्याकाळी स्थानिक भजनी मंडळावर भागवलं. अण्णांनी ऐकून घेतलं, दाद दिली नाही.

तिकडे नाना

नाना न्यू जर्सीत होते. गाडी चालवता येत नाही, म्हणून कुठे जायचं तर मुलावर अवलंबून. बाळ-बाळंतिणीचं सगळं नानींच्या हातात: मालीश, शेक, आळिवाची खीर, डिंकाचे लाडू. नाना बाबागाडी ढकलायला आणि बाटल्या धुवायला. आयुष्यात पहिल्यांदाच नानी मुख्य आणि ते मदतनीस. नानी म्हणतात, बाटल्या ते फार छान धुतात.

सुरुवातीला ते रोज आपल्या सकाळी, म्हणजे इथल्या संध्याकाळी फोन करून भांड्यांचा हिशेब घेत. काकूंनी दोन आठवडे सांगितला. मग एक दिवस निरोप पाठवला: नाना, आता तुम्ही रविवारीच फोन करत जा. या एका वाक्याने मंडळात खळबळ झाली, ज्येष्ठांचा अपमान झाला असंही कोणी म्हणालं. माझ्या मते सबंध प्रकरणात नानांना खरी रजा मिळाली ती या वाक्याने. मिळावी असं त्यांना वाटत होतं की नाही, हा प्रश्न वेगळा. “मला काढून राहिले की सांभाळून राहिले, तेच समजत नव्हतं,” ते नंतर म्हणाले.

नाना-नानी फेब्रुवारी २०२५मध्ये परतले. कार्यकारिणीने त्यांच्यासाठी ‘मार्गदर्शक’ असं पद तयार ठेवलं होतं, आणि कॉलेजातल्या मुलींनी एक कोरं रजिस्टर: दीडदोनशे घरांची कुलदैवतं, देवकं, मूळ गावं नानांनी सांगायची, मुलींनी लिहून घ्यायची. पुण्याहून येणारे फोन मग कोणालाही उचलता येतील.

नानांनी रजिस्टरला होकार दिला. मार्गदर्शकपद नको म्हणाले. त्यांना भांडाराची चावी परत हवी आहे. परातीत दोन कमी निघाल्या आहेत आणि कोणत्या घरी असतील ते त्यांना माहीत आहे. काकूंचं म्हणणं, चावी पगारी माणसाकडेच राहील, नानांनी हवं तर मोजायला यावं. अण्णा नानांच्या बाजूने आहेत. विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेत घातला आहे, या वेळी आयत्या वेळचा म्हणून ठेवलेला नाही.